नाव ठेवा, नावं ठेवू नका

तो विनोद तुमच्याही ग्रुपवर आला असेलच. शाळेत हजेरी घेताना बाई 'कियांश, रियांश, अद्विक, विहान, अयांश' म्हणता म्हणता दमतात आणि शेवटी विचारतात, 'एखादा गणपत आहे का रे वर्गात?' खाली हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांग. या महिन्यात मला तो पाच जणांनी पाठवला, कारण त्यातली बाई मीच आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत मी २४ वर्षं हजेरी घेते.

मला तो विनोद आवडत नाही. का ते सांगते. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे अर्ध्यात सोडून कमेंट करणाऱ्यांची सोय होईल. बाळाचं नाव काय ठेवलं हा भांडणाचा विषय नाही. भांडायचंच असेल तर दोन गोष्टींवर भांडा. एक, नाव ठरवताना बाळाच्या आईला कोण विचारतं? दोन, एवढं हौसेनं ठेवलेलं नाव बाजूला सारून आपण त्या पोराला जन्मभर आडनावानंच का ओळखतो?

आधी नव्या नावांचं बघू.

प्रत्येक पिढीला पुढच्या पिढीची नावं विचित्र वाटतात. आज 'सचिन' म्हटलं की कसं घरातलं नाव वाटतं. पण १९७३ साली रमेश तेंडुलकरांनी धाकट्या मुलाला ते नाव दिलं ते सचिन देव बर्मन यांच्या संगीतावरच्या प्रेमापायी. नव्वदीत त्या मुलानं मैदान गाजवलं आणि घरोघरी सचिन झाले. माझ्या सुरुवातीच्या एका वर्गात तीन सचिन होते, त्यांना आम्ही बाकांवरून ओळखायचो. सुनील गावसकरांनी मुलाचं नाव वेस्ट इंडिजच्या रोहन कन्हाय यांच्यावरून ठेवलं आणि मधलं 'जयविश्व' हे जयसिंहा आणि विश्वनाथ यांच्या नावांतून जुळवलं. त्या वेळी व्हॉट्सअ‍ॅप असतं तर 'जयविश्व'वर काय काय विनोद झाले असते विचार करा. आज रोहन नावाची पोरं गल्लोगल्ली आहेत आणि कुणाला त्यात काही परकं वाटत नाही. आणखी वीस वर्षांनी विहानकाका आणि रियांशभाऊजी असतील, आणि तेच पुढच्यांच्या नावांना हसतील.

आता जुन्या नावांचा ज्यांना पुळका येतो त्यांनी शाळेचे जुने हजेरीपट उघडून बघावेत. दगडू, धोंडू, केरू, कचरू, भिकू. ही नावं का ठेवायचे? आधीची दोन-तीन लेकरं दगावलेली असायची. हे तरी जगावं, मृत्यूची नजर याच्यावर पडू नये, म्हणून आईबाप मुद्दाम टाकाऊ नाव द्यायचे. नाव ओबडधोबड, पण त्यामागे जीव तुटत होता. त्या नावांना हसणाऱ्यांची मला कीव येते.

आणि त्याच हजेरीपटात आणखी एक नाव असायचं. नकुसा. नकोशी. हे काही मृत्यूला फसवायला ठेवलेलं नव्हतं. तिसरी-चौथी मुलगीच झाली, आता मुलगी नको, हे देवाला कळावं म्हणून ते एका जिवंत मुलीच्या कपाळावर लिहिलेलं असायचं. ती बालवाडीत गेली की नकुसा, लग्नपत्रिकेत नकुसा, रेशनकार्डावर नकुसा. ऑक्टोबर २०११ मध्ये आपल्याच साताऱ्यात समारंभ होऊन अशा २८५ मुलींना नवी नावं मिळाली. जगभर बातमी गेली. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटात दर हजार मुलांमागे ८९४ मुली निघाल्या. दहा वर्षं आधी हा आकडा ९१३ होता. म्हणजे ज्या काळात आपण नकुसाचं नाव बदलत होतो, त्याच काळात कित्येक नकुसा नाव ठेवण्याच्या पायरीपर्यंतही पोचत नव्हत्या.

तेव्हा 'विहान' म्हणताना जीभ अडखळते म्हणून संस्कृती बुडाली असं ज्यांना वाटतं त्यांना एवढंच विचारते: 'नकुसा' म्हणताना कधी अडखळली होती का?

नव्या नावांमध्ये माझी तक्रार आहे ती नावाबद्दल नाही, त्याभोवतीच्या धंद्याबद्दल आहे. जन्मनक्षत्राच्या चरणावरून अक्षर काढायचं, ही जुनी रीत. ज्यांचा विश्वास आहे त्यांनी जरूर पाळावी. पण अवकहडा चक्रात आर्द्रा नक्षत्राच्या तिसऱ्या चरणाला 'ङ' हे अक्षर येतं. ङ वरून नाव काढा बघू! जुन्या लोकांनी यावर शहाणपणानं तोड काढली होती. पत्रिकेतलं नावरस नाव वेगळं, हाक मारायचं वेगळं. दोन्ही सुखानं नांदायची. आता काय होतं, अक्षर आलं की ते सरकारी कागदावरच हवं, आणि मग अंकशास्त्रवाला सांगतो की इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'ए' वाढवा, मध्ये एक 'एच' घाला, मुलाचं भाग्य उजळेल.

भाग्य उजळतं ते झेरॉक्सवाल्याचं. जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली. १ ऑक्टोबर २०२३ पासून ती लागू आहे. त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट, मतदार यादी, लायसन्स, लग्नाची नोंदणी, या सगळ्यांना जन्माचा दाखला हाच आधार धरला जाणार आहे. म्हणजे दाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं आणि शाळेत तिसरं, असं झालं की पुढची पंधरा वर्षं तुम्ही प्रतिज्ञापत्रं करत हिंडणार. दहावीचा फॉर्म भरताना रडकुंडीला आलेले पालक मी दरवर्षी बघते. एका जास्तीच्या 'ए'साठी राजपत्रात नाव छापून आणायला निघालेले बाप बघितलेत. नाव कसलंही ठेवा हो, पण स्पेलिंग एकच, सोपं आणि सगळीकडे तेच ठेवा.

एवढं झालं नावाचं. आता आडनावावर येते, कारण खरं दुखणं तिथं आहे.

जगात कित्येक ठिकाणी आडनावाचं नाव होतं. आपल्या शेजारी गोव्यात आणि इकडे वसईत बघा. सावियो, बोस्को, झेवियर ही नावं घरोघरी सापडतील. मुळात तिन्ही आडनावंच. डॉमिनिक सावियो हा डॉन बोस्को यांचा विद्यार्थी, १८५७ साली लहान वयात वारला, पुढे दोघंही संत ठरले. झेवियर हे तर स्पेनमधल्या नावारा भागातल्या एका किल्ल्याच्या ठिकाणाचं नाव. बास्क भाषेत त्याचा मूळ अर्थ नवं घर. म्हणजे आपल्याकडचं 'नवघरे'च की! त्या ठिकाणच्या फ्रान्सिसला झेवियर म्हणू लागले आणि आज मडगावातल्या पोराचं पाळण्यातलं नाव झेवियर असतं.

क्रिकेटमधला वॉशिंग्टन सुंदर घ्या. त्याच्या नावाचा अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाशी काही संबंध नाही. त्याच्या वडिलांना लहानपणी पी. डी. वॉशिंग्टन नावाच्या एका माजी सैनिकानं मदत केली होती, शिक्षणाला, खेळाला हातभार लावला होता. त्या उपकाराची आठवण म्हणून मुलाचं नाव वॉशिंग्टन. एम. के. स्टॅलिन १ मार्च १९५३ ला जन्मले, ५ मार्चला रशियाचा स्टॅलिन वारला, आणि करुणानिधींनी मुलाला ते नाव दिलं. गंमत म्हणजे 'स्टॅलिन' हे त्या माणसाचंही घराण्याचं आडनाव नव्हतं, चळवळीत घेतलेलं टोपणनाव होतं. द्रमुकचेच एक ज्येष्ठ नेते आहेत, त्यांचं नाव के. एन. नेहरू. पहिलं नाव नेहरू!

आता महाराष्ट्रात मला एक मुलगा दाखवा ज्याचं पहिलं नाव 'फुले' आहे. 'आगरकर' आहे. 'गोखले' आहे. आपण फुल्यांच्या फोटोला हार घालतो, जयंतीला भाषणं करतो, पण कुणी मुलाचं नाव 'फुले' ठेवलं तर पहिला प्रश्न काय येईल? 'फुले जाधव? हे काय दोन आडनावं? आई फुल्यांच्यातली का?' आपण जोतिबा ठेवू, भीमराव ठेवू, पण आडनावाला हात लावणार नाही.

कारण तमिळनाडूत 'नेहरू' म्हणजे फक्त तो माणूस. गोव्यात 'सावियो' म्हणजे फक्त तो संत. आडनाव आपल्या कुळातून, जातीतून, गावातून सुटलं की त्याचं नाव होऊ शकतं, त्यात कृतज्ञता भरता येते, विचार भरता येतो. आपल्याकडे आडनाव सुटतच नाही. ते माणसाचं वर्णन करत नाही, त्याची जागा दाखवतं.

तमिळनाडूत हे आपोआप झालेलं नाही. १९२९ साली चेंगलपट्टूच्या आत्मसन्मान परिषदेत जातीचं बिरूद नावातून काढून टाकायचा ठराव झाला, पेरियारांनी स्वतःच्या नावामागचं 'नायकर' काढलं. पुढे तिथं वडिलांच्या नावाचं आद्याक्षर लावायचं, बस. तिथली जात गेली का? नाही गेली. जातीवरून खून तिथंही होतात. पण निदान हजेरीपटावरून कुणाची जात कळत नाही, आणि वर्गातल्या पोराच्या आयुष्यात ही लहान गोष्ट नसते.

आपल्याकडे हजेरीपटावरूनच कळते. आणि आपण ती मोठ्यानं वाचतो.

नीट आठवा, शाळेत तुम्हाला सर काय म्हणायचे? 'ए शिंदे, फळा पूस.' 'कांबळे, उभा राहा.' ऑफिसात? 'अहो कुलकर्णी.' एसटी डेपोत, बँकेत, पोलीस ठाण्यात, क्रिकेटच्या टीममध्ये? आडनाव. म्हणजे सगळ्या जगात आडनावाचं पहिलं नाव करण्यात आपला नंबर पहिला लागेल! बाराव्या दिवशी पाळणा सजवून, आत्यानं कानात कुर्र करून, पाठीत धपाटे खाऊन जे नाव ठेवलं ते घराच्या उंबऱ्याबाहेर चालतच नाही. बाहेर तो 'भोसले' असतो नाहीतर 'खरात' असतो. मग आईबाप महिनाभर कशाला ॲप धुंडाळत होते?

हाक मारणं साधं वाटतं, पण त्यात हिशेब असतो. आडनाव ऐकलं की समोरच्याच्या डोळ्यांत क्षणभर काहीतरी जुळवाजुळव होते. तुम्हीही पाहिली असेल. आडनावाच्या शेवटी 'कर' असलं तर घोटाळा होतो, कारण गावावरून पडलेली ही आडनावं सगळ्याच जातींत असतात. मग पुढचा प्रश्न येतो, 'म्हणजे मूळचे कुठले?' गाव सांगितलं तरी समाधान होत नाही. 'नाही, म्हणजे तुमच्यात लग्नं कुठं कुठं होतात?' ही आपली सभ्य भाषा.

माझ्याकडे दोन आडनावं आहेत, त्यामुळे मी हे दोन्हीकडून बघितलंय. माहेरचं गावावरून पडलेलं 'कर'वालं. त्या आडनावानं मी डीएडला असताना एका कार्यालयात तीनदा 'म्हणजे कोण?' हे ऐकलं आणि तीनदा 'उद्या या' ऐकलं. सासरचं आडनाव या भागात वजनाचं आहे. त्याच तऱ्हेच्या कार्यालयात आता ते सांगितलं की 'बसा ना वहिनी' म्हणतात. माझ्या अंगात काही फरक पडलेला नाही. माझी अक्कल तेवढीच आहे, अर्जही तसलाच. बदललं ते फक्त शेवटचं एक नाव. ज्याला आयुष्यभर 'बसा ना'च ऐकू आलंय त्याला ही पोस्ट उगाच चिडचिड वाटेल. वाटू दे.

आणि वर्गात? वरिष्ठ कार्यालयाकडून शिष्यवृत्तीची यादी मागवतात. काही ठिकाणी आजही कुणीतरी शिक्षक वर्गाच्या दारात उभे राहून म्हणतात, 'शिष्यवृत्तीची मुलं उभी राहा.' मग आठ-दहा पोरं माना खाली घालून उभी राहतात आणि बाकीची वळून बघतात. पाचवीतल्या पोराला जातीचा अर्थ कळत नाही, पण कोण उभं राहिलं हे त्याला पक्कं कळतं. ही यादी कार्यालयात बसून, एकेकाला बोलावून करता येते. आमच्याकडे आम्ही तशीच करतो, त्यासाठी कुठल्या शासननिर्णयाची वाट बघावी लागली नाही.

नावांत उतरंड ठेवायची ही खोड जुनी आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सांगितलंय की ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बळाचं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं तुच्छता दाखवणारं. म्हणून १९५६ नंतर ज्यांनी मुलांची नावं सिद्धार्थ, मिलिंद, राहुल, सुजाता, यशोधरा अशी ठेवली, त्यांनी निव्वळ छान नावं निवडली नव्हती. त्यांनी हजारो वर्षांचा नियम मोडला होता. तेव्हाही लोक हसले असणारच. आज राहुल कुणाचाही असतो.

आपल्या सरकारनं डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी द्यायचा निर्णय घेतला. चांगला निर्णय. पण रस्त्यावरची पाटी बदलायला शासन लागतं. 'आडनाव काय?' हा प्रश्न गिळायला शासन लागत नाही.

आता दुसरं दुखणं. आई.

दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या मनगटावर पट्टी बांधतात, तीवर लिहिलेलं असतं 'बेबी ऑफ' आणि पुढे आईचं नाव. बापाचं नाही. तिथं गोंधळ चालत नाही ना, म्हणून. बाळाची या जगातली पहिली ओळख आईच्या नावानं. दवाखान्यातून घरी येईपर्यंत ती पट्टी कापलेली असते, आणि बाराव्या दिवसापर्यंत आईचं नाव कागदावरून गायब. अक्षर गुरुजी सांगणार, नाव आत्या ठेवणार, मधलं नाव बापाचं, शेवटचं आजोबांकडून आलेलं. नऊ महिने जिनं पोटात वाढवलं ती पाळण्याची दोरी धरून उभी.

महाराष्ट्र सरकारनं मार्च २०२४ मध्ये यावर एक चांगली गोष्ट केली. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव अशी नोंद करायची. त्या वेळी आमच्या स्टाफरूममध्ये काही जण म्हणाले, 'नाव केवढं लांब होईल!' बापाचं नाव लावताना कधी कुणाला लांबी आठवली नव्हती.

पण मला त्याच्याही पुढचं विचारायचंय. आईचं कुठलं नाव? कित्येक घरांत लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं सुनेचं नवं नाव लिहितात. वीस-बावीस वर्षं जी मंगल होती ती सकाळी उठून वैष्णवी होते. आडनाव तर न विचारताच बदलतं. बायकोनं नाव बदललंच पाहिजे असा या देशात कायदा नाही, तरी बँकेत, रेशनला, शाळेत, सगळीकडे तीच अपेक्षा. म्हणजे बाळाच्या कागदावर आईचं जे नाव येतं तेसुद्धा सासरनं ठेवलेलं.

आम्ही परदेशातून कियारा घेतलं, मायरा घेतलं, केक कापणं घेतलं, फुगे फोडून मुलगा की मुलगी ते जाहीर करायचं फॅड बघून घेतलं. (आपल्याकडे त्याला कायद्यानं बंदी आहे, नाहीतर तेही केलं असतं.) पण तिकडची एक रीत कुणी उचलली नाही. आईचं माहेरचं आडनाव मुलाच्या नावात ठेवायची. फ्रँकलिन डेलानो रूझवेल्ट यातलं डेलानो हे त्यांच्या आईचं माहेर. जॉन फिट्झजेराल्ड केनेडी यातलं फिट्झजेराल्ड हेही आईचं माहेर. विन्स्टन चर्चिल यांच्या घराण्यात 'विन्स्टन' हे नाव आलं ते सतराव्या शतकातल्या एका सुनेच्या माहेरच्या आडनावावरून. तिकडे पुरुषसत्ता नव्हती असं मुळीच नाही. पण निदान सून आपलं माहेर नातवाच्या हाकेत ठेवून जायची. आमच्या सुनांचं माहेर दिवाळीच्या फराळाच्या डब्यापुरतं उरतं.

लगेच हुशार लोक म्हणतील, 'बाई, आईचं आडनाव म्हणजे तिच्या बापाचंच की! आणि त्यातही जात आलीच.' बरोबर आहे. म्हणून मी म्हणत नाही की सगळ्यांनी आईचं आडनाव लावा. मी म्हणते, तिला विचारा. तिला माहेरचं आडनाव ठेवायचं असेल, स्वतःचं नाव लावायचं असेल, की काहीच नको असेल, हे तिनं सांगू दे. नुसतं आईवडिलांचं नाव लावून आडनाव सोडून द्यायचं असं नवराबायकोनं ठरवलं तर मला सगळ्यात आनंद होईल.

आता नेहमीचे आक्षेप, एकेक करून.

'आडनाव काढलं तर आरक्षण जाईल.' जातीचा दाखला आडनावावरून मिळत नाही. वडील, आजोबा यांच्या शाळेच्या आणि महसुली नोंदींवरून मिळतो, पडताळणी समितीही तेच कागद बघते. वडिलांचं नाव आणि त्यांचे कागद यांची साखळी तुटू देऊ नका, एवढं पुरे.

'परदेशात अडचण येते.' येते, खोटं नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीनं पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना पर्यटक व्हिसावर घ्यायचं नाकारलं होतं. पण मी कुणाला एकाच नावावर राहायला सांगत नाहीये. आडनावाच्या रकान्यात वडिलांचं किंवा आईचं नाव लिहिणारी कितीतरी माणसं जगभर फिरतात. अर्धा दक्षिण भारत परदेशात नोकरी करतोच की.

'आमचं आडनाव हा आमचा अभिमान आहे.' हा आक्षेप दोन तोंडांनी येतो आणि दोन्ही तोंडं सारखी नाहीत. ज्यांच्या आजोबांना आडनावावरून पाणवठ्यावर हाकललं, आणि तरी ज्यांनी ते आडनाव ताठ मानेनं डॉक्टरकीच्या पाटीवर लिहिलं, त्यांना 'सोडा' म्हणायचा अधिकार मला नाही. त्यांनी ते जरूर मिरवावं. पण ज्यांना आडनावामुळे खुर्ची मिळते त्यांनी अभिमान म्हणू नये, सवलत म्हणावं. आणि सोडायचंच असेल तर सुरुवात त्यांनी करावी. आजवर उलटंच झालंय. अपमान टाळायला आडनाव बदललं ते ज्यांना त्रास होता त्यांनी, आणि ज्यांना फायदा होता ते 'जात कुठं राहिलीय आता' म्हणत बसले.

माझ्या घरी हे बोलले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, 'मग पोरांची लग्नं कशी जमायची? कळणार कसं?' मी म्हटलं, 'आई, न कळण्यासाठीच तर!' त्या हसल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. त्यांचं माहेरचं नाव हौसा. पन्नास वर्षांत त्यांना या घरात त्या नावानं कुणी हाक मारलेली नाही.

तर आता ज्यांच्या घरी पाळणा हलणार आहे त्यांच्यासाठी.

घाई करू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, पण नाव त्याच वेळी द्यायला हवं असं नाही. नावाशिवाय नोंद होते. बारा महिन्यांच्या आत नाव फुकट घालता येतं, त्यानंतरही विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत घालता येतं. त्यामुळे दवाखान्याच्या काउंटरवर कुणी घाई केली, किंवा 'आजच अक्षर सांगा' म्हणाले, तर आईला झोपू द्या. तिला बरं वाटल्यावर विचारा.

पहिलं मत तिचं घ्या. शेवटचंही तिचंच घ्या.

नाव कोणतंही ठेवा. विहान ठेवा, विठोबा ठेवा, वॉशिंग्टन ठेवा. ज्याचे उपकार आहेत त्याचं ठेवा. फुले ठेवायची हिंमत असेल तर ठेवा, मी स्वतः पेढे घेऊन येईन. फक्त एखाद्या मुलीला तिच्या नावातून 'तू नको होतीस' असं कधी सांगू नका. 'आता पुरे' सुचवणारी गोड नावंसुद्धा नकोत.

शिक्षक मित्रमैत्रिणींनो, येत्या जूनपासून हजेरी पहिल्या नावानं घ्या. उच्चार जमत नसेल तर पोरालाच विचारा, ते आनंदानं सांगतं. माझ्या वर्गात एक 'अद्वय' आहे. पहिल्या दिवशी त्यानं मला तीन वेळा म्हणायला लावलं आणि मग म्हणाला, 'बरोबर बाई.' चाळीस पोरांची नावं पाठ करायला मला चार दिवस लागतात, त्यात काय मोठं?

आणि बाकी सगळ्यांनी पुढच्या वेळी नवा माणूस भेटला, त्यानं नाव सांगितलं, की तिथंच थांबा. 'पुढे?' असं विचारू नका. बघा जमतं का एक महिना.

कमेंटमध्ये स्वतःचं नाव लिहा. आडनाव नको. आणि शक्य असेल तर आईचं लग्नाआधीचं नाव लिहा. माहीत नसेल तर आज घरी जाऊन विचारा.